आबांना उभं करून मोजलेलं प्रेशर

"पोस्चरल हायपोटेन्शन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे माणूस उठून उभा राहिला की रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो पडतो. त्यांनी आबांचं प्रेशर आधी झोपवून मोजलं, मग उभं करून. एवढी साधी गोष्ट! वर्षभरात एकानेही केली नव्हती.

आबा म्हणजे माझे वडील, वय पंच्याहत्तर. गणपतीपासून तीनदा अंगणात पडले. दोन दवाखाने झाले, रक्त-लघवी झाली, छातीचा फोटो झाला. बाकड्यांवर दिवस गेले. उत्तर एकच, "वय झालं." हे काय निदान आहे? शेवटी आम्ही त्यांना ओटीवरून खाली उतरायची बंदी केली. आबा भडकले, "मला काय गुरासारखं दावणीला बांधतेस गो?"

या नव्या डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं मागवली. मी बिस्किटाचा डबाच टेबलावर उपडा केला. त्यांनी दोन पाकिटं शेजारी ठेवली. एक इथल्या डॉक्टरांचं, दुसरं गणपतीला आलेल्या चाकरमानी भावाने मुंबईहून आणलेलं. नावं दोन, औषध एकच, प्रेशर उतरवायचं. वर झोपेची गोळी.

मुंबईहून आलेल्या वस्तूला आपल्याकडे कोणी नको म्हणत नाही. गोळीलाही नाही. आणि दोन्ही रोज वेळेवर देत होतं कोण? औषध कंपन्यांविरुद्ध पत्रकं वाटत हिंडणारी मी!

"निम्मी चूक तुमची," डॉक्टर म्हणाले. "आम्ही विचारत नाही, ही उरलेली निम्मी. म्हाताऱ्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडतं. तरुणाचा डोस त्यांना जड होतो. आता कुठे आमच्या मासिकांत यावर नीट लिहून येतंय."

एक गोळी बंद झाली, दुसरी निम्मी, झोपेची हळूहळू कमी. दर आठवड्याला प्रेशर, आडवं आणि उभं. महिन्याने डॉक्टर म्हणाले, "आबा, फिरा आता. फक्त उठताना दोन मिनिटं खाटेवर बसायचं."

तुमच्या घरी कोणी "वय झालं" म्हणून गप्प करत असेल, तर गप्प बसू नका. सगळ्या गोळ्या दाखवा. उभं करून मोजा म्हणा.

मंगळवारी आबा एकटे मासळीबाजारात गेले. मी मागून गेले नाही, पण जीव थाऱ्यावर नव्हता. तासाभराने फाटकाशी हाक आली, "विळी काढ गो, बांगडे ताजे आहेत."

"अख्खं बंदर उचलून आणलंत काय?" आई म्हणाली. चार बांगडे तिने केळीच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिले. "डॉक्टरांना नेऊन दे."

"ते मासे खातात का, कोणाला ठाऊक!"

"न खाऊन जातात कुठे?" आबा म्हणाले.