घाटाचा गळा

मावशीने शिलाई मशीन विकून सायकल घेतली, अशी बातमी गल्लीत फिरली तेव्हा दोघी बायका आपली अर्धवट शिवलेली कापडं परत मागायला आल्या. एकीने दारातूनच सुस्कारा टाकला, "साठीला टेकल्यावर असं होतं म्हणे काहींचं." मावशी त्या वेळी त्याच मशीनवर बसून तिच्याच पडद्याला टीप मारत होती.

खरी गोष्ट अशी, की मशीन जागच्या जागी होतं आणि सायकल फुकट आली होती. जावयाने हौसेने घेतलेली, गियरबियर सगळं असलेली. पण त्याची हौस पहिल्याच चढाला आटली आणि पुढे गॅलरीत तिच्यावर टॉवेल वाळत असत. एकदा टॉवेल काढता काढता मावशी सायकलवर बसली, ती उतरलीच नाही, असं काका सांगतात.

काका टेम्पो चालवतात. काचेच्या दुकानाचा माल पोचवतात, त्यामुळे त्यांचं सगळंच हळू. चालणं, बोलणं, जेवणं. "हां... जरा... सावकाश," असं ते चहाच्या कपालाही सांगतात. दरवर्षी घाटातून सायकलींची फेरी निघते, तेव्हा सगळ्यांत मागे त्यांचा टेम्पो असतो. टेम्पोने ज्याला गाठलं तो बाद. त्याने मुकाट सायकलसकट मागे चढायचं. गेल्या वर्षी मावशी निम्म्या घाटात बाद झाली. सख्ख्या नवऱ्याने तिची सायकल उचलून आत ठेवली, काचेसारखी दोरीने बांधली आणि वर काका म्हणाले, "सांभाळून... बस हं." पुढच्या वर्षी काही झालं तरी या टेम्पोत बसायचं नाही, हे तिने तिथेच, दोरीच्या गुंडाळीवर बसून ठरवलं.

पायांत दम होताच. उभा जन्म पायमशीन चालवलेले पाय ते. पण पाण्याच्या टाकीमागच्या चढावर सराव सुरू झाला आणि भलतंच दुखणं निघालं. सरळ रस्त्यावर मावशी झकास जायची, वळण आलं की पाय गप्प. सायकल डुगडुगायची आणि मावशी कडेच्या गवतात. कोपरं सोलली, गुडघे सोलले. जावई फोनवरून गियरचं ज्ञान पाजळायचा. ती "हो रे, हो रे" करायची आणि पुढच्या वळणावर पुन्हा आडवी.

कारण सापडलं ते मशीनवरच. उशीचा अभ्रा शिवताना ती कोपऱ्याशी आली. सुई कापडात रोवली, पाय थांबवले, मग हातांनी कापड फिरवलं. आणि तशीच बसून राहिली. हात वळले की पाय थांबणार, ही इतक्या वर्षांची सवय. सायकलचं हँडल वळवलं तरी पाय बिचारे इमानदारीने थांबत होते. मावशी एकटीच खो खो हसली. मग तिने कपड्यांच्या ढिगातून एक झगा ओढला आणि त्याचा गळा शिवायला घेतला. गळ्याला हात सारखे वळत राहतात, पण पाय थांबले तर गोलाई बिघडते.

"अहो, घाटातलं वळण म्हणजे कोपरा नव्हेच," ती काकांना म्हणाली. "गळा आहे तो."

काकांनी बराच विचार केला. "मोठा... की लहान?"

"ऐसपैस. बाहेरच्या कडेने घ्यायचा."

त्या दिवसापासून वळण दिसलं की ती बाहेरची कड धरायची आणि ओठांतल्या ओठांत "गळा, गळा, गळा" म्हणत पाय मारत राहायची. गवतात पडणं हळूहळू बंद झालं.

फेरीच्या आदल्या दिवशी तिने काकांना समोर बसवलं. बायकोसाठी टेम्पो रेंगाळला, असं कुणी म्हणायला नको होतं तिला.

"माझ्यासाठी गाडी हळू केलीत तर याद राखा."

"अगं, मी... हळूच चालवतो."

"मग उद्या जोरात चालवा."

त्यात मीही तोंड घातलं. मावशी यंदाही टेम्पोतूनच वर येणार, अशी पैज मारली. घरी पाहुणे आले की मी मावशी-काका दोघांच्या नकला करून दाखवते; हरले तर वर्षभर तिची नक्कल बंद. मावशीने सुईत दोरा ओवता ओवता "लागली" म्हटलं.

काकांनी शब्द पाळला. चढ सुरू झाल्यावर मावशी लवकरच सगळ्यांच्या मागे पडली आणि तिच्यामागे टेम्पो. सरळ रस्त्यावर तो इतका जवळ यायचा की इंजिनाची धग तिच्या पोटऱ्यांना लागायची. पण वळण आलं की काकांचा स्वभाव आडवा यायचा. ब्रेक, गियर, मागे नसलेली काच सांभाळत ते टेम्पो वळवायचे, आणि तेवढ्यात मावशी गोल फिरून पार पुढे गेलेली असायची. सरळ रस्त्यावर गमावलेलं ती वळणावर वसूल करत होती. माथ्याच्या अलीकडे टेम्पोचं नाक तिच्या मागच्या चाकाला टेकायला आलं, आणि समोर शेवटचं वळण उभं. तोंडाला फेस आलेला, तरी ओठ हलत होते. वळण संपलं आणि तिने मागे पाहिलं, तर टेम्पो दिसतच नव्हता.

काका माथ्यावर पोचले ते जरा फुरंगटूनच. "मी... जोरात... चालवला हं."

"कळलं की," मावशी म्हणाली. "पोटऱ्या भाजल्या माझ्या."

हल्ली घरी पाहुणे आले की सगळे आशेने माझ्याकडे बघतात. मी फक्त काका करून दाखवते. मावशी मशीनवर बसून टीप मारत असते आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसते.