मामाजी आले, बसून राहा

शाळेतली एक हात मोडलेली खुर्ची मी सायकलरिक्षात घालून उत्तर नागपुरातल्या एका विहाराच्या ओसरीवर नेली आणि तिच्यावर बायकांना बसायला शिकवलं. हसू नका. अर्ज भरायला, भाषण करायला शिकवणं सोपं. बसायला शिकवणं महाकर्मकठीण.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. महानगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. मी मराठी शिकवायची, डोकं आधीच गरम, त्यात वॉर्डावॉर्डातून तेच ते पुढारी निवडून येताना बघून ते भट्टीसारखं झालेलं. म्हटलं, बायकांना उभं करायचं. दर रविवारी दुपारी वर्ग. पहिल्या दिवशी खूप आल्या, महिन्याभरात तिघी उरल्या. जरीपटक्याची एक सिंधी पापडवाली, मला बहनजी म्हणायची. लकडगंजात भाजी विकायला बसणारी एक कुणबीण. आणि त्याच वस्तीतली, विहाराला लागून राहणारी एक बिडी वळणारी बाई. तिच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती परकरात होती.

निवडणुकीला का उभं राहायचं, असं मी प्रत्येकीला विचारलं होतं. बिडीवालीनं सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, "मले बाकी काही नाही पाहिजे, बाई. आमच्या संडासाले दारं पाहिजे. एक बाई आत जाते तं दुसरीले लुगडं धरून समोर उभं राहा लागते."

वस्तीतल्या सगळ्या बायकांची लाज रोज लुगड्याच्या पदराआड, आणि पुढारी सभेत स्त्रीशक्तीवर बोलणार! तिचाच अर्ज भरायचा, हे मी त्या दिवशीच ठरवलं.

पण उभं राहायचं तर आधी बसता आलं पाहिजे. खुर्चीवर बसवलं की ती झकास बोलायची. सासरा किंवा कोणी मोठा माणूस ओसरीवर चढला, की डोक्यावर पदर घेऊन ताडकन उभी, आणि तोंड बंद. सभागृहात तर सगळी मोठी माणसंच भरलेली! मग मी कवायत काढली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. ती खुर्चीवर बसून बोलत असताना मी मध्येच ओरडायची, "मामाजी आले!" की ही उभी. पुन्हा बस. पुन्हा "मामाजी आले!" पुन्हा उभी. पापडवाली पोट धरून हसायची, "बहनजी, इसके घुटनों में स्प्रिंग है!"

"तुमचं काय जाते वं," बिडीवाली चिडायची, "तुमचा सासरा तिकडे सिंधमधी ऱ्हायला."

मी रागवायची, वाट्टेल ते बोलायची. "काहून उठते? खुर्चीला खिळे आहेत का?" चार रविवार गेले. पाचव्या रविवारी मी ओरडले, तिनं खुर्चीचा धड हात घट्ट धरला आणि ती बसून राहिली. भाजीवालीनं टोपलीतला एक टमाटा काढून तिला बक्षीस दिला.

अर्ज भरला आणि घरात आग लागली. वॉर्डातल्या पुढाऱ्यानं सासऱ्याला गाठलं. सुनेनं अर्ज मागे घेतला तर मुलाला, म्हणजे हिच्या नवऱ्याला, गिरणीत बदली कामगाराचा पक्का कामगार करून देतो, म्हणाला. सासू रडते. मागे घ्यायचा शेवटचा दिवस आला, मुदत दुपारी तीनपर्यंत. ती घरात एकटी सापडू नये म्हणून मी शाळेतून अर्धी रजा टाकून वर्ग त्याच दुपारी ठेवला.

दोनच्या सुमारास ते ओसरीवर चढले. पुढे पुढारी, मागे सासरा. पुढाऱ्याच्या हातात लिहून आणलेला कागद, फक्त सही बाकी. ती सहीसुद्धा मीच तिला शिकवलेली. हा पुढारी आमच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष. त्याला बघताच पापडवाली उठली, भाजीवाली उठली. आणि कोण उठलं सांगू? मी! पदर सावरून, "नमस्कार साहेब" म्हणत, ताडकन! आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

बिडीवाली बसूनच. डोक्यावर पदर घेतला तिनं, हातही जोडले, पण उठली नाही. सासरा म्हणाला, "सुनबाई, सही करून टाक. घराचं भलं होते."

"मामाजी," ती म्हणाली, "तुमच्यासाठी दुसरी खुर्ची आणतो. ही माही आहे."

मग तिनं डाव्या हातानं माझा पदर ओढला. हळूच नाही, चांगला जोरात. "बसा ना बाई. काहून उभ्या होऊन राहिल्या?"

मी मटकन खाली बसले. सासऱ्यानं सुनेकडे बघितलं, पुढाऱ्याकडे बघितलं, आणि त्यालाच म्हणाला, "चाला साहेब. ते सही नाही करत." विहाराच्या घड्याळात तीन वाजले तेव्हा भाजीवालीनं मोठ्यानं नाक शिंकरलं. ती रडत होती.

निवडणुकीत बिडीवाली पडली. नवराही बदलीवरच राहिला, आणि त्याचे टोमणे तिनं पुढे पुष्कळ दिवस खाल्ले. पण मतदानाच्या आठ दिवस आधी वस्तीतल्या संडासांना दारं लागली, आतून कडीसकट. पुढाऱ्यानंच लावली, घाबरून. ती म्हणाली, "पाहा, पडलो तरी काम झालं."

मतमोजणीनंतर मला समितीपुढं बोलावणं आलं. शाळेची खुर्ची राजकारणाला वापरल्याबद्दल खुलासा द्या म्हणे. टेबलापलीकडे पाच पुरुष बसलेले, अलीकडे एक रिकामी खुर्ची. आम्ही शिक्षिका तिथं उभ्यानंच बोलायचो, वर्षानुवर्षं. मी खुर्ची ओढली आणि बसले.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्हाला बसा म्हटलेलं नाही."

"म्हटलंय," मी म्हणाले. "तुमच्यासमोरच म्हटलं होतं."