पायांतली पट्टी

आमच्या घरातल्या खाटेला विणलेली नवार, माझ्या बाजाराच्या पिशवीचे बंद, गॅसचा सिलिंडर स्कूटरवर आवळायचा पट्टा, शेजारणीने गुडघ्याच्या व्यायामासाठी मागून नेलेला पट्टा. हे सगळं एके काळी लहान मुलांच्या लाइफ जॅकेटांना होतं. पाठीमागून पायांतून पुढे घ्यायची आणि पोटावर अडकवायची ती पट्टी. सव्वीस जॅकेटांच्या सव्वीस पट्ट्या मी कापल्या. कोणी म्हणेल, म्हातारीला आता कबुली द्यायची हौस आलीय. हौस कसली डोंबलाची! दोन वर्षं झाली, घशाखाली नीट घास उतरत नाही, म्हणून लिहितेय.

माझं दुकान मालवणच्या बाजारात, जेटीकडे उतरणाऱ्या गल्लीत, आणि घर त्याच्याच मागे. दुकान म्हणजे काय, एक जाड सुईचं मशीन, एक फळी आणि ताडपत्रीचे गठ्ठे. होड्यांवर घालायची कापडं, देवगडच्या आंब्याच्या टेम्पोंवरची ताडपत्री, शाळेची दप्तरं, कुणाच्या बॅगेचा तुटलेला बंद, जे येईल ते शिवायचं. धंदा नवऱ्याचा. तो अर्धांगाने पडला तेव्हा मी मशीनवर बसले, आणि आख्खा बाजार म्हणाला, बाईमाणसाक ह्या जमाचा नाय. जमलं. उलट बोलायची खोड मला तेव्हापासून लागली ती लागलीच.

किनाऱ्यावर पर्यटकांचे पाण्यातले खेळ सुरू झाले तशी दुकानात लाइफ जॅकेटं यायला लागली. पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात. दसरा जवळ आला की होडीवाले जॅकेटांची गाठोडी आणून टाकतात. खारं पाणी आणि ऊन दोघं मिळून माल खातात. पट्टा कडेने पिंजतो, शिलाईचा धागा त्याच्याही आधी मरतो, बकलाचे प्लास्टिकचे दात ठिसूळ होतात. बकल तपासायची रीत नवऱ्याने मला शिकवली होती. लावायचं, टक् असा आवाज ऐकायचा आणि मग दोन्ही बाजूंनी जीव खाऊन ओढायचं. नायलॉनचा पट्टा कात्रीने कापायचा नाही, तो उसवत जातो. गॅसवर तापवलेल्या सुरीने कापायचा, म्हणजे टोक वितळून बंद होतं. ही सगळी अक्कल मला होती, हे आधीच सांगून ठेवते.

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा त्याची जॅकेटं घेऊन आला. पस्तिशीचा बाप्या, स्वतःच्या तीन होड्या, आणि होडीमागे ओढायचा तो केळ्याच्या आकाराचा लांबडा पिवळा फुगा. माझ्याच ओट्यावर रांगलेलं पोर, म्हणून माझ्याशी बोलताना त्याला भीड कधी नव्हतीच.

"मावशे, पोरांच्या जॅकेटांची ही पायांतली पट्टी काढून टाक गो."

"कित्या? तुका चावता ती?"

"लोक लाजतत. पोरींच्या आवशी तर हातच लावूक देनत नाय. पोरां रडतत. एकेकाक घालूक धा मिनटां जातत, तवसर बाजूचो होडीवालो गिऱ्हाईक घेऊन जाता."

"अरे मेल्या, जॅकेट वर सरकता म्हणान ती पट्टी आसता. मोठ्यांका खांदे आसत. पोरांका खंय खांदे?"

"पुढे दोन बकलां आसत मां? पुरे झाली." मग तो हसला. "कापलेल्यो पट्ट्यो तुकाच ठेव. माल बघ कसो आसा तो."

माल मी आधीच बघितला होता. बोटभर रुंद, काळी, कडेला पिवळी रेघ. अशी घट्ट विणीची नवार आमच्या बाजारात मिळत नाही. मी पट्टी अंगठ्यावरून ओढून पाहिली आणि माझं तोंड बंद झालं. उगाच खोटं कशाला बोलू? भाच्याने गळ घातली, हंगाम तोंडावर होता, ही सगळी मागाहून शोधलेली कारणं. मला पट्टी आवडली होती.

एका दुपारीत सव्वीस कापल्या. सुरी तापवायची, शिलाईच्या अर्धं बोट अलीकडे टेकवायची, झालं. राहिलेलं खुंट मात्र टणक होतं, वितळून त्याला धार आलेली. पोराच्या पाठीला टोचेल म्हणून मी ते आत दुमडलं, वरून कापडाची दुमड घेतली आणि दुहेरी टीप मारली. इतकं सफाईचं काम की तिथे कधी काही होतं, हे बनवणाऱ्यालाही कळलं नसतं. माझी मीच पाठ थोपटून घेतली. शिरा पडो माझ्या तोंडार!

नाताळच्या सुट्टीत, भर दुपारी, गल्लीतून माणसं किनाऱ्याकडे धावताना दिसली. मी मशीन सोडून उठले नाही. धावण्यासारखं किनाऱ्यावर रोज काहीतरी असतंच. कळलं ते तासाभराने. घाटावरचं एक कुटुंब होतं, नवरा, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. भाच्याच्या फुग्यावर बसले होते. तो फुगा शेवटी मुद्दाम उलटा करतात, सगळे पाण्यात पडतात आणि हसतात, खेळच तसा आहे. सगळे पडले, सगळे वर आले. मुलगीही वर आली. होडीवरच्या माणसाने तिला उचलायला जॅकेट खांद्याशी धरून वर ओढलं, आणि नुसतं जॅकेट त्याच्या हातात आलं. मुलगी खालून निसटली. किनाऱ्यावर रापणीची जाळी ओढणाऱ्यांनी धडाधड उड्या घेतल्या. सापडली तेव्हा तिच्यात जीव उरला नव्हता.

संध्याकाळी भाचा दुकानात आला. दारातच उभा राहिला, बसला नाही.

"बकलां उघडी होती, मावशे. आवशीन लावूकच नाय."

"तू बघलंस?"

"सगळे सांगतत."

"तू बघलंस काय, ता इचारतंय मी."

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीबाजारात तेच ऐकलं. आई म्हणे मोबाइलवर फोटो काढत होती. आई म्हणे पोरीकडे बघतच नव्हती. हल्लीच्या बायका म्हणे अशाच. जिभेला काय हाड असतं? मीही सुरमई घेतली, मान हलवली आणि घरी आले. करून सवरून नामानिराळी म्हणतात ना, ती मी.

दुकानात भाच्याच्या त्या सव्वीसांतलं एक जॅकेट चेन बसवायला राहिलेलं होतं. मी गादीची गुंडाळी केली, दोरीने बांधली, तिला ते जॅकेट घातलं. दोन्ही बकलं लावली, ओढून पाहिली. घट्ट. मग गुंडाळी दोन्ही पायांत धरली आणि जॅकेट खांद्यांशी धरून वर ओढलं. सरकलं, अडकलं, परत सरकलं, आणि आलं हातात. बकलं दोन्ही बंदच. मी खाली लादीवर बसले ती किती वेळ, मला सांगता यायचं नाही. नवरा आतून हाका मारत होता, चहा मागत होता.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. पण मला पकडायला नव्हतं बोलावलं. साहेब म्हणाले, "काकी, तुम्ही या कामातल्या जाणकार. जरा हे जॅकेट बघून सांगा. बकल आणि पट्टे चालू स्थितीत आहेत का, तेवढंच."

टेबलावर ते जॅकेट होतं, वाळून कडक झालेलं. भिंतीशी बाकावर एक बाई बसली होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिचा नवरा कसलेसे कागद आणायला गेला होता. खिडकीबाहेर माझा भाचा मोटरसायकलला टेकून उभा होता.

मी बकलं लावली. टक्. ओढली. दुसरं लावलं. टक्. पट्टे वाकवून पाहिले, शिलाई नखाने खरवडून पाहिली. शिलाई माझीच होती.

"बकल चांगलं आहे," मी म्हणाले. "पट्टे चांगले आहेत."

हवालदाराने लिहून घेतलं, जॅकेट सुस्थितीत. मी सही केली. आमच्याकडे माणूस कचेरीत असाच वागतो, विचारलं तेवढं सांगायचं आणि मुकाट घर गाठायचं. आळी मिळी गुपचिळी. मी पिशवी उचलली.

"मावशी," बाकावरची बाई म्हणाली. "तुम्हाला यातलं कळतं ना? मी बकलं लावली होती. टक् असा आवाज आला होता, दोन्ही वेळा. मी ओढूनसुद्धा बघितलं होतं."

मी उभी राहिले.

"हे सगळे म्हणतात मी लावलीच नाहीत. काल माझा नवरासुद्धा म्हणाला, तुला नक्की आठवतंय ना? आता मलाच आठवेनासं झालंय. रात्रभर मी ते बकल लावत असते. कधी आवाज येतो, कधी नाही." ती माझ्याकडे बघत होती. "आवाज आला होता ना हो?"

आपण कोणाला विचारतो आहोत, ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. खिडकीतून भाचा माझ्याकडे बघत होता. त्याने मान हलवली, नको म्हणून. मला माझी बहीण दिसली, तिच्या घराचा नवीन स्लॅब दिसला, त्याची बायको दिसली. आणि मला राग आला. त्याचा नाही. या बाईचा राग आला, की बये, मी निघाले होते ना, कशाला थांबवलंस मला! एवढी हलकट मी त्या क्षणी होते.

"साहेब," मी म्हणाले, "ते जॅकेट जरा इकडे द्या."

मी ते उलटं केलं. पाठीची खालची कड शोधली, टीप दाताने तोडली आणि दुमड टरकन उसवली. आत ते वितळलेलं काळं खुंट होतं, पिवळी रेघ असलेलं.

"इथे पट्टी होती. पोराच्या पायांतून पुढे यायची. ती असली तर जॅकेट डोक्यावरून निघत नाही. ती नसली तर बकलं बंद असूनही निघतं, मी घरी करून पाहिलंय. मी कापली. मालकाने सांगितलं, लोकांना लाज वाटते, काढून टाक. पण सांगितलं त्याने, कापली मी. आता लिहा."

"मावशे!" दारातून भाचा ओरडला. साहेबांनी त्याला आत घेतलं आणि कागद नवा काढला.

नंतरचं काय ते सांगून टाकते. खटला उभा आहे, त्याच्यावर आहे आणि माझ्यावरही. बहीण समोरून आली तर रस्ता बदलते. बाजार म्हणतो, म्हातारेक याड लागला, सख्ख्या भाच्याक बुडवल्यान. असो. जे व्हायचं ते होईल, आणि मला त्यात सवलत नको. कोणी शाबासकी द्यायला आलं तर त्यालाही मी दुकानाबाहेर घालवते. तीन दिवस मी गप्प होते, हे शाबासकीवाल्यांना ठाऊक नसतं.

मात्र त्या दिवशी ठाण्यात, माझा जबाब लिहून होईपर्यंत, ती बाई टेबलाशी येऊन उभी राहिली होती. तिने जॅकेट ओढून घेतलं आणि त्या खुंटावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता ती मला मारेल. मारावं असं मला फार वाटत होतं. तिने मारलं नाही.

"ही बांधायला किती वेळ लागला असता?" तिने विचारलं.

"अर्धं मिनिट," मी म्हणाले.

"मग मी बांधली असती," ती म्हणाली. "मला कसली लाज? माझीच पोर ती."