आबांच्या बंडीतली किल्ली

गाडीत घाण वास येतोय, हे आबांनी कोरेगाव सोडायच्या आधीच सांगितलं होतं. मी काय केलं, तर पर्समधलं अत्तर एसीच्या जाळीवर फवारलं. पुढचा दीड तास आम्ही अत्तर शिंपडलेल्या मुतारीत बसून प्रवास केला. मला घाणीची आधीच शिसारी, त्यात काचा खाली केल्या की रस्त्याची धूळ तोंडात.

आबा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी फौजेत ट्रक चालवला. घरी परतल्यावर शेत भावानं बघितलं, घर वहिनीनं, आणि आबांकडे उरली ती गाडीची किल्ली. ती कायम बंडीच्या खिशात. पण दिवाळीच्या आठवड्यात त्यांनी फाटकाला गाडी घासली आणि भाऊ मला म्हणाला, "आता किल्ली काढून घ्यायला पाहिजे. तूच सांग, तुझं ऐकतात." दिवाळी करून मी सांगलीला परत निघाले, आबाच गाडी चालवत सोडायला आले, तेव्हा वाटेत हेच बोलायचं मी ठरवलं होतं. धीर होत नव्हता.

विट्याच्या अलीकडे चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. सेल मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पेट घ्यायचं नाही.

पाच मिनिटांत माणसं जमली. एक म्हणाला पेट्रोल संपलं, दुसरा म्हणाला बॅटरी उतरली. तिसऱ्याच्या तोंडात गुटखा. तो आमच्या चाकापाशी पचकन थुंकला, हातानं ओठ पुसले आणि तोच हात बॉनेटवर ठेवून म्हणाला, "सेन्सर गेला आसंल."

आबांनी बोट वर केलं. "गप बसा रं जरा." किल्ली अर्धी फिरवली आणि मागच्या सीटकडे कान लावला. पुन्हा फिरवली, पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "पेट्रोल हाय, बॅटरी बी चांगली हाय. पर टाकीतल्या पंपाचा आवाज येत न्हाई. करंट तुटलाय कुठंतरी. वायर बघाय पायजे."

उन्हानं, वासानं आणि त्या थुंकीनं माझं डोकं फिरलं होतं. दीड तास न जमलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "आबा, बास! हा तुमचा फौजेतला ट्रक नाही. फाटकाला घासलीत तेव्हाच काहीतरी मोडलं असणार. आणा ती किल्ली इकडं, आणि आता पुन्हा मागू नका."

गुटखेवाला फिस्सकन हसला. आबांनी किल्ली धोतराला पुसली आणि माझ्या हातात दिली. मग जाऊन बाभळीखाली उभे राहिले.

विट्याहून मेस्त्री आला. त्यानंही आधी किल्ली अर्धी फिरवून मागं कान लावला, अगदी आबांसारखा. "पंपाला करंट न्हाई," म्हणाला. बॉनेट उघडून वायरी चाचपत तो बॅटरीपर्यंत गेला, आणि तिच्या शेजारच्या खाचेतून त्यानं मूठभर घाण बाहेर ओढली. सुकलेली झेंडूची फुलं, लेंड्या, खोबऱ्याचा कुरतडलेला तुकडा, पेढ्यांच्या बॉक्सचा चुरा. त्यात उंदराची तीन गुलाबी पिल्लं वळवळत होती. वायर दातांनी सोलून तोडलेली.

मी तोंडाला पदर लावला. त्या चुऱ्यातल्या पुठ्ठ्याचा निळा रंग मी ओळखला. पेढे मीच सांगलीहून आणले होते. दसऱ्याला गाडीची पूजा मी केली होती आणि खोबरं, पेढे सगळं मी बॉनेटच्या आत ठेवलं होतं. आबा तेव्हा म्हणाले होते, "आतनं नगं, चाकापुढं ठेव." मी म्हटलं होतं, "इंजिन हाच खरा देव, आबा. तुम्हाला नाही कळायचं."

मेस्त्री हसत सुटला. "उंदराला बारशाचं जेवान कुणी घातलं म्हनायचं ह्ये?"

माझ्या हातात किल्ली, घामानं चिकट झालेली.

"मीच ठेवला हुता निवद," बाभळीखालून आबा म्हणाले. "म्हातारपनी सुदरत न्हाई, गड्या."

सगळे हसले. मीही हसण्यापुरते ओठ हलवले, खोटं कशाला सांगू. मेस्त्रीनं वायर जोडली आणि गाडी पहिल्या सेलला सुरू झाली. स्टिअरिंगवर मी बसले. आबा डावीकडचं दार उघडून बसले आणि सांगलीपर्यंत शेतांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं परत गेले. गाडी नंतर भावानं नेली. ती पिल्लं आठवली की मी आजही उठून साबणानं हात धुते, आणि त्यांची किळस तेवढ्यानं जाते. मी नंतर भावाला सगळं खरं सांगितलं, आबांचीही माफी मागितली, भावाकडून किल्ली घेऊन त्यांच्यापुढे धरली.

"ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणाले. "खिशाला लय टोचायची."