वहिनी पेशंटच्या बाजूला बसायची

माझी वहिनी काय काम करते हे लोकांना समजावताना माझ्या तोंडाला फेस येतो. डॉक्टर नाही, नर्स होती पण आता नाही, वकील तर नाहीच नाही. शेजारणी विचारतात, "मग हॉस्पिटलात जाऊन करते तरी काय?" मी सांगते, पेशंटच्या बाजूला बसते. त्यावर फिदीफिदी हसतात. हसा म्हणावं. स्वतःवर वेळ आली की ह्याच माझ्या दारात येतात, "जरा वहिनींना विचारा ना हो," म्हणत.

पण खरंच, काम तेच. माणूस आजारी पडला की त्याची वाचाच बसते. डॉक्टर बोलतो, हा नुसती मान हलवतो, आणि डॉक्टरची पाठ वळली की नर्सला विचारतो, "सिस्टर, काय म्हणाले हो ते?" वहिनीनं नर्सच्या नोकरीत अर्धं आयुष्य हेच ऐकलं. शेवटी नोकरी सोडली आणि हे काम धरलं. कुठल्या डॉक्टरला कधी गाठायचं, ऑपरेशनला हो म्हणण्याआधी काय विचारायचं, हे पेशंटला शिकवायचं. काही चुकलं तर तक्रार तडीस न्यायची. माझा भाऊ म्हणायचा, लष्कराच्या भाकऱ्या भाजते. तरी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलनं तिला वॉर्डात जायचा पास दिला होता. तो पास म्हणजे तिचा जीव की प्राण. आत जाता आलं तर काम, नाहीतर बाहेरच्या बाकावर बसून माश्या मारायच्या.

तिची एक रीत होती. डॉक्टरसमोर ती स्वतः तोंड उघडायची नाही. "मी बोलले की डॉक्टर माझ्याशी बोलतात, वन्सं, आणि पेशंट परत मुका होतो." म्हणून पेशंटनं काय बोलायचं याची ती आधी घरी तालीम घ्यायची. तालीम व्हायची माझ्या शिवणाच्या खोलीत, कारण वरती त्यांच्याकडे टीव्ही आणि माझा भाऊ, दोघंही थांबत नाहीत. मी मशीन बाजूला सारायची आणि डॉक्टर व्हायची. पहिल्यांदा मी नाही म्हटलं तर वहिनी म्हणाली, "तुम्हीच व्हा. तुम्हाला वेगळं सोंग आणावं लागणार नाही." एवढं लागलं होतं मला! पण काम मला आवडलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत "लवकर आटपा, मला वेळ नाही" असं म्हणायला कोणाला आवडणार नाही?

तर त्या खोलीत एकदा मिस्त्री आला. गवंडीकाम करणारा, उंचापुरा माणूस, बायकोच्या मागे लपल्यासारखा उभा. परांचीवरून पडून उजवं मनगट मोडलं होतं. त्याच मोठ्या हॉस्पिटलनं प्लास्टर घातलं ते करकचून. बोटं सुजली, मग बधिर झाली. हा रोज सांगत होता, बोटं माझी वाटत नाहीत. वॉर्डातले म्हणायचे, होतं असं, उगाच बाऊ करू नका. प्लास्टर कापलं तेव्हा उशीर झाला होता. बोटं आत वळली ती वळलीच. थापी सोडा, शर्टाचं बटण लावता येईना. हे सुधारायचं ऑपरेशन होतं, पण ते करणारा सर्जन आसपास एकच, आणि तो त्याच हॉस्पिटलात. तिथले लोक काखा वर करून मोकळे, म्हणे व्यायाम करा. मिस्त्रीला दोनच गोष्टी हव्या होत्या: चूक झाली हे कोणीतरी तोंडानं म्हणावं, आणि हात दुरुस्त करून द्यावा.

वहिनीनं तक्रार लावून धरली. हॉस्पिटलच्या तक्रार समितीपुढे सुनावणी ठरली आणि आमच्याकडे तालीम सुरू झाली. मिस्त्री सुरुवातच करायचा, "साहेब, माझंच नशीब फुटकं..." वहिनी लगेच थांबवायची. "नशीब घरी ठेवा, मिस्त्री. बोटं बधिर झाल्यावर कोणाला सांगितलंत, ते काय म्हणाले, एवढंच बोला." मी समोरून खेकसायची, "मग तेव्हाच का नाही बोललात?" तो बिचारा घामानं निथळायचा. असं किती वेळा झालं, पण एका संध्याकाळी त्यानं सगळं न अडखळता सांगितलं, माझ्या डोळ्यात डोळे घालून. मी डॉक्टर असल्याचं विसरले आणि नाक पुसायला लागले. मिस्त्री डाव्या हातानं चहा पीत वहिनीला म्हणाला, "ताई, पाठची बहीणसुद्धा एवढं करणार नाही."

सुनावणीला मिस्त्रीच्या बायकोला सोबत म्हणून मीही आत बसले. लांबलचक टेबल, पलीकडे समिती. मधोमध अध्यक्ष, चष्मा कपाळावर चढवलेले. वहिनी मिस्त्रीच्या डाव्या बाजूला बसली, हात मांडीवर ठेवून. मिस्त्रीची बायको माझ्याकडे बघेना. मला वाटलं, घाबरली असेल.

अध्यक्ष म्हणाले, "बोला, काय तक्रार आहे?"

मिस्त्री उठला. टेबलाकडे बघत म्हणाला, "माझी डॉक्टरांबद्दल काही तक्रार नाही, साहेब. ह्या बाईंनी मला पढवलं. घरी बसवून वाक्यं पाठ करून घेतली. ह्यांच्या नादी लागलो मी, चुकलो."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. अरे मेल्या! माझ्या घरात माझाच चहा पिऊन माझ्याच घरचे वासे मोजतोस? मी उठणार तेवढ्यात वहिनीनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी बसले, पण कशी बसले ते माझं मला माहीत.

अध्यक्षांनी वहिनीला विचारलं, "तुम्ही ह्यांच्याकडून वाक्यं पाठ करून घेतलीत, हे खरं?"

"तालीम घेतली. हो."

"तुम्हाला काही म्हणायचंय?"

मला वाटलं, आता बोलेल. सुजलेल्या बोटांचं बोलेल, प्लास्टरचं बोलेल. तिच्याइतकं ते कोणाला माहीत होतं? पण ती म्हणाली, "पेशंट बोललाय. त्याला मी खोटं पाडणार नाही." संपलं. पेशंटला भडकवते म्हणून तिचा पास तिथल्या तिथे रद्द केला, आणि तिनं तो पर्समधून काढून टेबलावर ठेवला.

बाहेर व्हरांड्यात मी मिस्त्रीला गाठलाच. "लाज नाही वाटत? केसानं गळा कापलास तिचा!" तो भिंतीला टेकून उभा, चेहरा पडलेला. बायकोच रडत बोलली, "हॉस्पिटलवाल्यांनी काल बोलावून घेतलं होतं ह्यांना. म्हणाले, त्या बाईची साथ सोडा, मग हाताचं बघू. आम्ही काय करायचं हो?"

वहिनी मागून आली. मला वाटलं, आता तरी दोन शब्द सुनावेल. ती म्हणाली, "'बघू' म्हणाले, की ऑपरेशनची तारीख दिली?"

"बघू म्हणाले," मिस्त्री म्हणाला.

वहिनीनं डोळे मिटून घेतले. मग जिना उतरायला लागली.

घरी आल्यावर ती माझ्या खोलीत कापडांच्या ढिगावर बसली आणि रडली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आमची आई गेली तेव्हाही नाही. "मला फसवलं, वन्सं," म्हणाली. "हॉस्पिटलवाल्यांचं मला काही नाही, ते तसेच. पण ह्यानं? काल बोलावलं होतं, आणि आज सकाळी माझ्याबरोबर रिक्षात बसून आला. रस्ताभर माझ्याशी बोलत होता." मी म्हटलं, ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. म्हण बरोबर होती, पण तिच्या काय कामाची? ती काही जेवली नाही.

त्यानंतर तिचं काम बसलं. दुसऱ्या हॉस्पिटलांतही वाऱ्याबरोबर बातमी पोचली. लोक यायचे, पण आत सोडत नाहीत म्हटल्यावर कशाला थांबतील? ती माझ्याकडे काजं-बटणं करायला बसायची. काजं चांगली करायची, पण बोलायची नाही, आणि मला तिची ती शांतता भांडणापेक्षा वाईट वाटायची.

आणि एक दिवस नवराबायको दारात. मिस्त्रीची बोटं तशीच आत वळलेली. हॉस्पिटलात रोज जातो, कोणी उभं करत नाही. सर्जन रजेवर आहेत म्हणतात, पुढच्या महिन्यात या म्हणतात, तक्रारच नाही म्हणून तुम्हीच सांगितलंत म्हणतात. मी म्हटलं, "बरं झालं! इथे कशाला तोंड दाखवायला आलात?" दार लावणारच होते. वहिनीनं हातातला शर्ट खाली ठेवला.

"मला आधी सांगायचं ना, मिस्त्री," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "'ते असं म्हणतात, ताई, काय करू?' एवढं विचारायचं. तुमच्या हातापुढे माझा पास मोठा होता का? माझ्याविरुद्ध काय बोलायचं ते मीच शिकवलं असतं तुम्हाला. पण तारीख आधी हातात घ्यायला लावली असती, आणि मग म्हटलं असतं, आता खुशाल घ्या माझं नाव."

मिस्त्री हमसाहमशी रडायला लागला. "चुकलं, ताई. एकदा चला. माझी जीभ उचलत नाही हो त्यांच्यापुढे. तुम्ही नुसत्या बाजूला बसलात तरी मी बोलेन."

"कुठे बसू?" वहिनी म्हणाली. "मला आत कोण सोडतंय आता?"