सरस्वतीबाईंचं मलावी

जानेफळच्या सरस्वतीबाईंकडे भाजीपाल्याचं एकरभर वावर होतं, दोन शेळ्या होत्या आणि चौदा वर्षांपासून मलावी नावाचा एक देश होता.

देशाचं असं झालं. गावातल्या चर्चमध्ये पंचवीस-एक घरं. तिथल्या महिला मंडळाने एका जानेवारीत जगातल्या देशांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकली आणि प्रत्येकीला एकेक उचलायला लावली. जिला जो देश येईल, त्या देशासाठी आणि तिथे सेवेला गेलेल्या माणसांसाठी तिने रोज प्रार्थना करायची. कुणाला नेपाळ आला, कुणाला जपान. सरस्वतीबाईंनी आपली चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "हे कुठी आलं व माय?" कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी शाळेतल्या नकाशावर आफ्रिकेच्या उजव्या अंगाला एक बोटभर देश सापडला.

वर्षभरात बाकीच्या बाया आपापले देश विसरल्या. नव्या चिठ्ठ्या काढायचंही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सरस्वतीबाई मात्र दिलेलं काम सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. रोज पहाटे शेळ्यांना पाला टाकला की चुलीपाशी बसायचं आणि मलावीची हालहवाल देवाच्या कानावर घालायची. पण नुसतं 'बरं कर' म्हणणं त्यांना पटेना. किराणा दुकानात जाऊन आपण नुसतं 'सामान दे' म्हणतो का, काय पाहिजे ते सांगतो ना, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी माहिती काढली. शेजारच्या राबियाबीची सून मोबाइलवर बघून सांगायची. तिथे मका पिकतो. पाऊस आपल्या दिवाळीनंतर सुरू होतो. जानेवारी-फेब्रुवारीत जुना दाणा संपलेला असतो, नवा अजून शेतात असतो, तेव्हा घरोघरी ओढाताण असते.

झालं. तेव्हापासून जानेवारी लागला की बाईंच्या जिवाला घोर. राबियाबी कुंपणापलीकडून विचारायची, "काय वो, तुह्या मलावीत पानी आलं का?"

"आलं, पण लेट आलं. मका कसा होते कोन जाने!"

मग राबियाबीही नमाजानंतरच्या दुआत मलावीसाठी एक शब्द टाकायची. शेजारणीचा देश म्हटल्यावर तेवढं तर करायलाच हवं.

पुढे एकदा चर्चमध्ये पत्र वाचून दाखवलं गेलं, की तिथल्या मिशन दवाखान्याला नर्स मिळत नाही. सरस्वतीबाईंनी सहा महिने देवाकडे नर्सचा तगादा लावला. देवाने दिलीसुद्धा, आणि ती थेट त्यांच्याच गल्लीतून. रुक्मिणीबाईंची रुपाली, नुकतीच कुठे नोकरीला लागलेली, मिशनमार्फत मलावीला निघाली. रुक्मिणीबाई महिनाभर सरस्वतीबाईंशी बोलल्या नाहीत. नळावर एकदाच म्हणाल्या, "नर्स मांगायची तं मांगायची, माह्याच घरची काऊन मांगतली?" सरस्वतीबाईंनी रुपालीचं नाव रोजच्या प्रार्थनेत सगळ्यांत वर घेतलं, आणि दवाखान्यातल्या बाळांसाठी मंडळ दरवर्षी झबली पाठवायचं, त्यांतली निम्मी स्वतःच्या हाताने शिवायला सुरुवात केली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

यंदाच्या जानेवारीत नवे पाळक आले, शेखर पाळक. माणूस तरुण, मनाने चांगला, फक्त सगळं नीटनेटकं करायची फार हौस. जुनं रजिस्टर उघडून त्यांनी शोध लावला की चिठ्ठ्या दरवर्षी बदलायच्या असतात. "चौदा वर्षं एकच देश? तरुण मुलींनाही जबाबदारी कळू द्या," असं म्हणून त्यांनी डबा फिरवला. सरस्वतीबाईंची चिठ्ठी बायबलात होती, पिवळी पडलेली, घडीवर फाटत आलेली. पाळकांचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांनी ती मुकाट्याने डब्यात टाकली. मलावी अपेक्षाला गेलं. अपेक्षा म्हणजे मंडळातली सगळ्यांत लहान सून, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली. आणि सरस्वतीबाईंना स्वित्झर्लंड आला.

"बरफ हाय, गाई हायेत, घड्याळं हायेत. दवाखाने एक नंबर," राबियाबीच्या सुनेने मोबाइलवर पाहून सांगितलं.

"मंग तठी कमी काय हाय?"

सून शोधून थकली. तिकडेही दुःखी माणसं असतीलच, ती कुठे नसतात? पण बाईंना एकही दिसेना. रोज पहाटे बसायचं, 'प्रभू, स्वित्झर्लंडच्या गाई बऱ्या ठेव' म्हणायचं आणि पुढे काही सुचायचं नाही. मधेच जिभेवर मलावी यायचं, ते त्या गिळून टाकायच्या. दुसऱ्याला दिलेल्या कामात हात घालणं त्यांना चोरी वाटायचं. रुपालीचं नावसुद्धा त्या आता हळूच घ्यायच्या. भाकर गोड लागेना. त्यात मंडळाच्या सभेत अपेक्षाने प्रार्थना केली, "मलावी देशाला आशीर्वाद दे, आमेन," आणि खाली बसली. सरस्वतीबाई घरी येऊन राबियाबीपाशी अक्षरशः रडल्या. "ना पानी, ना मका, ना दवाखाना! माह्या लेकरायचं आता कोन पाह्यीन?"

मेच्या शेवटी रुपाली सुटीवर आली. रविवारी चर्चमध्ये तिला बोलायला उभं केलं. तिने दवाखान्याचं सांगितलं, झबल्यांसाठी आभार मानले आणि मग हसत म्हणाली, "आता एक गंमत सांगतो, आजवर सांगायची राहूनच गेली. मी नवीन गेली तेव्हा तिथल्या बायांना आपल्या डब्याची गोष्ट सांगितली. त्यांना लई आवडली. त्यांनीही चिठ्ठ्या केल्या. दवाखान्यात बाहेरून जे जे आले, त्यांच्या गावांच्या. लिनेस नावाची एक म्हातारी आहे. तिला जानेफळ आलं."

मागे बसलेल्या बाया पुढे सरकल्या.

"नऊ वर्षं झाली. आपला जून म्हणजे तिकडे मका घरात आलेला असतो. तेव्हा ती स्वतःच्या पावसाचं सोडून आपल्याच पावसाचं पाहते. मला रोज विचारते, जानेफळात पाणी आलं का, सोयाबीन पेरलं का. गुडघे गेलेत तिचे, खाली बसता येत नाही, तर स्टुलावर बसून प्रार्थना करते. आईने मला फोनवर सांगितलं, की इकडे चिठ्ठ्या बदलल्या. मी ते तिकडे सांगितलं, त्यांनाही वाटलं आपणही बदलाव्या. पण लिनेस आजीने चिठ्ठी दिलीच नाही! पोलक्यात खोचली आणि म्हणाली, जानेफळ माझं आहे, ते मी कुणाला देत नाही."

सगळे हसले. हसणं थांबल्यावर रुपाली पुढे म्हणाली, "निघताना तिने विचारलं, जानेफळ मी धरलं, तसं तिकडे आम्हाला कुणी धरलंय का? नाव विचारून ये. आधी असतं तर एका दमात सांगितलं असतं. आता कुणाचं नाव सांगू?"

ती सरस्वतीबाईंकडेच पाहत होती. बाई सतरंजीवरून गुडघ्यावर हात टेकत उठल्या. भर उपासनेत उभं राहून त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

"तिनं देली नाही म्हनतं?"

"नाही दिली, काकू."

"अन् मी येडी देऊन बसली!" त्या पाळकांकडे वळल्या. "पाळकसाहेब, माफी करा. मले मलावी वापस पाह्यजे."

पाळक काही बोलायच्या आत अपेक्षा बायबलातून चिठ्ठी काढून उभी राहिली होती. "घ्या वो काकू. चार महिने झाले, मले तं काय मांगाव तेच समजत नव्हतं."

सरस्वतीबाईंनी चिठ्ठी कपाळाला लावली आणि आपल्याजवळची चिठ्ठी तिच्या हातात ठेवली. "हे तू घे. नव्या मानसाले बरं हाय. चुकलं तरी गाई काई मरत नाईत." पाळकही हसले आणि त्यांनी रजिस्टरात मुकाट्याने खाडाखोड केली. रुक्मिणीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "सांग वो रुपाली तिले, सरस्वतीबाई म्हून सांग."

दुसऱ्या दिवशी पहाटे सरस्वतीबाई चुलीपाशी बसल्या. आभाळ कोरडं होतं, वावर तापलेलं होतं, पेरणी तोंडावर आली होती. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "आमच्या पावसाचं तुले लिनेस सांगूनच राह्यली असन. ते मी सांगत नाही. तू तेवढं तिच्या गुडघ्यायचं पाह्य."