बाबाचा होकार

पडद्यावर माझा बाबा होता. गेलेला माझा बाबा. गावच्या देवळात, सभामंडपात, वाडीतल्या माणसांबरोबर हात जोडून उभा. आम्ही बसलो होतो रत्नागिरीतल्या एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये. आमच्या कंपनीच्या साहेबांनी आवाज वाढवला. गुरव काहीतरी म्हणत होता आणि सगळे एका सुरात ओरडत होते, "होय महाराजा!"

त्या गलक्यातही बाबाचा आवाज मी ओळखला. विडीनं फाटलेला.

साहेब पैसा लावायला आलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "बंदराला गावाचा होकार. याहून मोठ्यानं कोण देणार?"

हॉल हसला. कुणीतरी म्हणालं, परत लावा. बाबा परत 'होय' म्हणाला.

आमची कंपनी सल्ला विकते. कुठल्या समुद्रात लढाई पेटली, कुठली जहाजांची वाट बंद पडणार, मग पैसा कुठल्या किनाऱ्यावर लावावा. तिकडे लांब जहाजांवर हल्ले झाले की इकडे आमच्या खाडीचा भाव चढतो. मला तिथं नोकरी लागली तेव्हा बाबानं वाडीभर पेढे वाटले होते. गावागावांत लोकांशी बोलायचं आणि साहेबांना ते इंग्रजीत सांगायचं, हे माझं काम.

साहेब आमचं गाव बघायला आले तेव्हा पाहुणा म्हणून बाबानंच त्यांना देवळात नेलं. त्या दिवशी गाऱ्हाणं होतं. गुरव गावाच्या वतीनं देवाकडे मागतो, गाव 'होय महाराजा' म्हणून साथ देतो. गुरव मागत होता, "बा देवा महाराजा, दर्यावर गेलेली पोरां सुखरूप आण. ही खाडी, हा किनारा आमच्या लेकराबाळांना राखून ठेव!" खाडीत होऊ घातलेलं बंदर नको, म्हणूनच तर गाऱ्हाणं घातलं होतं. साहेब मोबाइलवर सगळं टिपत होते. मी त्यांना तिथल्या तिथं समजावून सांगितलं.

ते म्हणाले, "तू शब्द सांग. अर्थ आम्ही काढतो."

मग बाबा गेला. आणि आता हे.

"ही त्याच गावची," साहेब हॉलमध्ये माझ्याकडे बोट करून म्हणाले. "हिचा बापही आहे त्यात."

मी उभी राहिले. इंग्रजीतच सांगितलं. ते तुम्हाला होय म्हणत नाहीत. देवाला म्हणतायत. तुमच्यापासून किनारा वाचव, असं मागतायत.

साहेब हसले. "मासेवालीची पोर. भावूक होते. पाणी द्या हिला."

पाणी मी घेतलं नाही. "माझ्या बाबाचं चित्रण पुसा," म्हटलं. कुणी पुसलं नाही. मी तशीच बाहेर पडले, ती परत त्या कंपनीत गेले नाही.

पूर्वी बाबाचा आवाज आठवला की धीर यायचा. आता भाताचा घास हातात असतानाही तो कानात घुमतो आणि मी घास ताटात परत ठेवते. मेलेल्या माणसालाही त्यांनी कामाला लावलं.

त्या दिवशी घरी आले तेव्हा आई सुकट निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"आवाज इकलानी गो त्याचा?" ती म्हणाली. "मेल्या माणसाला आता नाय कसा म्हणता येल?"

त्याला नाही येणार. मला येतं. बंदराची जनसुनावणी लागेल, साहेब पडदा घेऊन येतील. मी पुढच्याच रांगेत असेन. त्यांच्या भाषेत नाही म्हणेन आणि माझ्याही. अर्थ काढायला जागाच ठेवणार नाही.